उत्तर जिभेवर हवं

सुनिल्दा ओवेलारच्या वर्गात शिरायचं तर दारातच जकात द्यावी लागे. जकात म्हणजे एक उत्तर. सकाळी घंटा झाली की ती चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची, हातात तेरेरे हा गार पाल्याचा काढा प्यायचं शिंग, आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या अंगावर एकेक बेरीज फेकायची.

"सहा आणि सहा?"

"बारा, प्रोफे!"

"चल आत. तू रे? नऊ आणि चार?"

ज्याच्या वाट्याला नऊ आणि चार आले त्याचे ओठ हलायला लागले, हात हळूच पाठीमागे गेले, की सुनिल्दा म्हणायची, "बोटांना झोपू दे रे, दमलीत बिचारी. जा, शेवटाला उभा राहा. उत्तर पिकलं की ये." ते पोरगं रांगेच्या टोकाला जायचं, पुढच्या-मागच्यांशी कुजबुजून उत्तर मिळवायचं आणि पाळी आली की असं ओरडायचं की शेजारच्या वर्गातली मास्तरीण दचकावी. रडायचं कुणी नाही. सुनिल्दाने उत्तर चुकलं म्हणून कुणावर हात उगारल्याचं पिरिती गावातल्या एकाही माणसाला आठवत नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. "तुझं नाव विचारलं तर शोधत बसतोस का? तसंच हे. शोधावं लागतंय म्हणजे ते अजून तुझं झालं नाही. उत्तर जिभेवर हवं." आणि एकदा जिभेवर बसलेलं कुणाच्या बापाला हिसकावून नेता येत नाही, असंही ती वर जोडायची. हे ती फार वेळा म्हणायची. तिचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

गावाला तिचा अभिमान. शेतात राबणाऱ्या घरातली पोर सात वर्षांची असताना राजधानीत, आसुन्सिओनला गेली, मोठ्या माणसांत वाढली, शिकली आणि शिक्षिका होऊन आपल्याच गावी परतली. पिरितीतल्या बायकांना ही गोष्ट तोंडपाठ होती आणि लेकीबाळींना दटावताना ती हमखास बाहेर यायची. "न्या सुनिल्दाकडे बघा!" न्या म्हणजे बाई, मान देऊन म्हटलेलं. शेवट गोड असला की मधलं कुणी विचारत नाही, ही माणसांची जुनी खोड आहे.

मधलं असं होतं. सुनिल्दा आसुन्सिओनला शिकायला गेली नव्हती, तिला दिलं होतं. आपल्याकडे अजून देतात. खेड्यातल्या घरात तोंडं फार झाली की एखादी पोर शहरातल्या बऱ्या घरी पाठवायची. ते तिला खायला घालतात, शाळेत घालतो म्हणतात, आणि ती घरातली कामं करते. पगार नाही, कारण ती नोकर नाही, "लेकीसारखी" आहे. अशा पोरीला क्रियादिता म्हणतात. सुनिल्दा लेकीसारखी होती म्हणून तिची गादी स्वयंपाकघराच्या दाराशी असायची आणि घरातल्या खऱ्या लेकी उठायच्या आत तिला उठावं लागायचं. मालकिणीला ती माद्रिना म्हणायची, म्हणजे धर्माची आई. शाळा पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी असं चाललं होतं. तोवर माद्रिनाच तिला शिकवायची, जेवायला बसल्या बसल्या, पाहुण्यांसमोर. "सात आणि पाच किती गं?" सुनिल्दा ताटं घेऊन उभी असायची. ताटं खाली ठेवायची, हात एप्रनखाली घ्यायची आणि बोटं मोजायची. एप्रन हलायचा. पाहुणे हसायचे. मग माद्रिना म्हणायची, "बाहेर काढ हात," आणि लाकडी पळीने त्याच बोटांवर द्यायची.

ती पुष्कळ वर्षं तिथे होती. शाळा उशिरा का होईना मिळाली, दुपारची, आणि पुढे माद्रिना वारल्यावर एका नन बाईंच्या ओळखीने शिक्षिकेचं शिक्षणही झालं. गावी परतली तेव्हा आईने तिला दारात बघितलं आणि शेजारणींना हाका मारमारून गोळा केलं. त्या माऊलीला काय सांगणार? आई होती तोवर तिचं मन मोडवेना, आणि आई गेल्यावर सांगायला कुणी उरलं नाही. सुनिल्दाने लग्न केलं नाही. शाळेमागच्या घरात एकटी राहायची, आणि आपल्या वर्गातल्या एकाही पोराला बोटं लपवायची वेळ येऊ नये, एवढाच तिचा हट्ट होता.

हट्टाला वाट सापडली ती सरकारने शाळेत ग्वारानी, आपली घरची भाषा, बोलायला मोकळीक दिली तेव्हा. त्याआधी वर्गात ग्वारानी बोललं तर शिक्षा असायची. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि आकडे सगळे स्पॅनिश. बाजारात लोक आजही स्पॅनिशमध्येच मोजतात, म्हाताऱ्यांना ग्वारानीत चारच्या पुढे मोजता येत नाही. पण नव्या पुस्तकांत पुढचे आकडे होते, आणि ते वाचताना सुनिल्दा एकटीच हसली म्हणतात. पो म्हणजे हात, आणि पो म्हणजेच पाच. सहाला पोतेईं, एक हात आणि एक. सात पोकोईं, हात आणि दोन. आठ पोआपी, हात आणि तीन. दोन हात म्हणजे पा, दहा. ज्या बोटांनी तिला मार खायला लावला ती सगळी आकड्यांच्या नावातच बसली होती. आता मोजायला कशाला हवीत?

तिने पोरांना तसंच शिकवलं. "आठात कोण लपलंय? एक हात आणि तिघं. सातात? एक हात आणि दोघं. हाताला हात मिळाला, झाले दहा. तिघं आणि दोघं मिळून? अजून एक हात! दहा आणि हात, पापो. पंधरा!" महिन्याभरात पोरं असली बेरीज थुंकी गिळायच्या आत करायला लागली. मग स्पॅनिश. आधी जीव, मग कपडे, असं ती म्हणायची.

लिदुविना तिच्या वर्गात आली ती दुसरीत दुसऱ्यांदा बसायला. आधीच्या मास्तरांनी डोकं नाही म्हणून सांगितलं होतं आणि पोरं तिला तावी म्हणायची, येडी. आई ब्वेनोस आयरेसला घरकाम करायला गेली होती. सुरुवातीला निरोप यायचे, मग तेही थांबले. लिदू आजीजवळ वाढली, न्या ब्लासिदाजवळ. पहिल्या दिवशी दारात सुनिल्दाने तिला सोपं विचारलं, स्पॅनिशमध्ये, सहा आणि एक किती. लिदूने जरा विचार करून सांगितलं, आठ.

"आठ कसे गं?"

"सातात एक मिळवला, प्रोफे."

सुनिल्दाचं शिंग ओठाशीच राहिलं. पोरीने बेरीज बरोबर केली होती, तिने आकडा चुकीचा ऐकला होता. सेइस म्हणजे सहा आणि सिएते म्हणजे सात. घरी फक्त ग्वारानी ऐकलेल्या या कानाला दोन्ही एकच वाटायचे, सगळेच स-स-स. दोन वर्षं ही पोर भलत्याच प्रश्नांची बरोबर उत्तरं देत होती आणि सगळ्यांनी मिळून तिला येडी ठरवलं होतं. सुनिल्दाला तेव्हा एवढा राग आला की रांग तशीच सोडून ती विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आली.

"पोतेईं आणि एक?" परत येऊन तिने विचारलं.

"पोकोईं," लिदू म्हणाली. बोटं हललीही नव्हती. सुनिल्दाच्या वर्गातलं ओरडणं तिने दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

त्या दिवसापासून सुनिल्दाने तिला हाती धरलं. मधल्या सुट्टीत दहा मक्याचे दाणे मुठीत घ्यायचे, काही टेबलावर टाकायचे. "बाकीचे मी खाल्ले. किती खाल्ले?" लिदू टेबलाकडे नजर टाकायची आणि म्हणायची, "चार. पोट दुखेल, प्रोफे." वाटेत भेटली तर वाटेत, चर्चच्या पायरीवर बसली तर तिथे. हळूहळू स्पॅनिशही सरळ झालं. वर्ष सरता सरता दारातली रांग लिदूला बघून मुकाट बाजूला व्हायची, कारण तिला जकात द्यायला थांबावंच लागत नसे. प्रश्न संपायच्या आत ती आत असायची. संध्याकाळी मांदियोकाचे कंद सोलताना ती आपल्याशीच बेरजांचं गाणं म्हणायची, आणि न्या ब्लासिदा, जिला चारच्या पुढे आकडा माहीत नव्हता, ते ऐकून ऐकून पोकोईं आणि पोआपी शिकली.

लिदू तिसरीत गेल्यावर, जुलैत, आपल्याकडे ऐन हिवाळ्यात पडणाऱ्या सुट्टीत, न्या ब्लासिदा स्वतः सुनिल्दाच्या दारी आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काठीने वाट चाचपत आली, पण चेहरा उजळला होता.

"प्रोफे, आमच्या लिदूचं नशीब उघडलं. आसुन्सिओनहून एक बड्या घरच्या बाई येणार आहेत शनिवारी, दोन्या ग्रासिएला. किराणा मालाचं दुकान आहे त्यांचं. त्यांना पोरगी हवी आहे, पण हुशार हवी. मागली आकड्यांत कच्ची निघाली म्हणून परत पाठवली. म्हणतात, परीक्षा घेणार आणि मगच नेणार."

सुनिल्दाने चुलीवरचं पाणी उतरवलं. माते या कडू पाल्याच्या चहाचं भांडं तिने रिकामंच बाजूला ठेवलं.

"नका देऊ, न्या ब्लासिदा."

"का?"

"ती शिकतेय. अजून दोन वर्षं माझ्या हाताखाली राहिली तर..."

"तिथेही शिकेल की! तुम्ही नाही शिकलात?"

"तिथं शिकवत नाहीत. राबवून घेतात. मला..." सुनिल्दा अडखळली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने कधी पुरं केलं नव्हतं. "मला मारायचे, न्या ब्लासिदा. पळीने. पाहुण्यांसमोर."

म्हातारीने काठी बाजूला ठेवली. मग तिने हात पुढे करून सुनिल्दाचा गुडघा शोधला आणि थोपटला.

"बाळा, मारत तर मीपण होते माझ्या लेकीला. मार खाऊनच माणूस होतं. तुम्ही झालातच ना? माझं ऐका. माझे डोळे चालले. उद्या मी गेले तर या पोरीला कोण आहे? तिची आई? कुठल्या रस्त्यावर आहे, देव जाणे. तिथे निदान ताटात रोज काहीतरी पडेल."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. सुनिल्दाने पन्नास वर्षं दडवलेलं शेवटी सांगितलं होतं आणि ते ऐकूनही म्हातारीच्या लेखी तिची गोष्ट गोडच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिने लिदूला संत्री तोडायच्या निमित्ताने बोलावलं.

"तुला जायचंय का गं आसुन्सिओनला?"

"आजी म्हणते तिथे रोज मांस असतं."

"आजीचं सोड. तुला?"

लिदूने संत्र्याची साल एका लांब पट्टीत सोलली. "मला आजीजवळ झोपायचंय. तिला रात्री उठायचं असलं तर दिसत नाही ना. पण तिला सांगू नका हं, प्रोफे, रडेल ती."

मग सुनिल्दाने ते केलं जे कुठल्याही शिक्षिकेने करू नये, आणि माझ्या मते तिने केलं ते बरोबर केलं. तिने लिदूला चुकायला शिकवलं.

"त्या बाई तुला बेरजा विचारतील. तू बोटं मोजायची. हळूहळू. आणि मग चुकीचं सांगायचं. चुकलीस तर त्या नेणार नाहीत. चल, आठ आणि पाच?"

"तेरा!"

"अगं, चुकीचं."

"हो हो. पुन्हा विचारा."

"नऊ आणि सहा?"

"पंध..." लिदूने तोंडावर हात दाबला आणि खुदकन हसली. "प्रोफे, ते आपलं आपण येतं!"

तिला तो खेळच वाटला. चुकीचं उत्तर द्यायचं म्हणजे आधी बरोबर उत्तर बाजूला ढकलायचं आणि मग दुसरं शोधायचं, आणि तोवर बरोबर उत्तर निसटून बाहेर पडलेलं असायचं. सुनिल्दाही हसली. तिनेच तर हे असं घट्ट बसवलं होतं. शेवटी तिने सोपी तोड काढली.

"हे बघ, उत्तरच नको. त्या स्पॅनिशमध्ये विचारतील. काहीही विचारलं तरी जीभ चावायची आणि म्हणायचं, नो से. माहीत नाही. एवढं जमेल?"

"नो से," लिदू म्हणाली. "नो से, नो से, नो से." संत्री झोळीत घालून ती तेच म्हणत घरी गेली.

शनिवारी दोन्या ग्रासिएला आल्या, नवऱ्याच्या ट्रकमधून. बाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. जाडजूड, हसऱ्या, येताना म्हातारीसाठी लोकरीची शाल घेऊन आलेल्या. अंगणात संत्र्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मातीच्या भट्टीतून गरम चिपाचा पाव निघाला होता, घरातलं सगळं चीज न्या ब्लासिदाने त्यात घातलं असणार. सुनिल्दाला मुद्दाम बोलावलं होतं, पोरीची शिक्षिका म्हणून. लिदूला न्हाऊमाखू घालून, केसांना रिबीन बांधून मध्ये उभं केलं होतं.

"ये गं राणी, जवळ ये," दोन्या ग्रासिएला म्हणाल्या. "आमच्याकडे टीव्ही आहे, माहीत आहे? दुकानात मला मदत करशील? मला सांग, आठ आणि सात किती?" स्पॅनिशमध्येच.

लिदूने जीभ चावली. सुनिल्दाला ते दिसलं. "नो से."

"बरं, सोपं. पाच आणि पाच?"

"नो से."

"तीन आणि दोन?"

"नो से."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि चिपाचा तुकडा तोडला. "पोर गोड आहे हो, न्या ब्लासिदा. पण मला दुकानात उभी करायची आहे. ही तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, म्हातारीला लागू नये म्हणून.

म्हातारीला लागलंच. ती खुर्चीत ताठ झाली. "येडी नाही माझी पोर! प्रोफे, तुम्ही सांगा. तुम्हीच म्हणत होता ना, वर्गात पहिली आहे म्हणून? सांगा यांना!"

सगळे सुनिल्दाकडे बघायला लागले. लिदूही. एक शब्द बोलायचा आणि सुटायचं, एवढंच उरलं होतं. सुनिल्दाने मातेचं भांडं खाली ठेवलं.

"मी तुमचं मन राखायला म्हणत होते, न्या ब्लासिदा," ती म्हणाली. "पोर मंद आहे. तिच्या डोक्यात आकडे राहत नाहीत."

लिदूचा चेहरा उतरला. हे ठरलेलं नव्हतं. बाईंसमोर काय बोलायचं ते ठरलं होतं, पण प्रोफे असं बोलतील हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला नाटक कुठे संपतं ते कसं कळणार? तावी, तावी म्हणणारी सगळी पोरं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असतील.

आणि तेवढ्यात न्या ब्लासिदा, जिला आपल्या नातीचा अपमान दिसत नव्हता पण ऐकू येत होता, काठी जमिनीवर आपटून ओरडली. स्पॅनिशमध्ये नाही, ती भाषा तिला येतच नव्हती. रोज संध्याकाळी ऐकलेलं ओरडली.

"लिदू! पोआपी आणि पोकोईं?"

"पापो!"

शब्द पुरता संपायच्या आत. जीभ दातांत होती ती सुटली कधी ते लिदूलाही कळलं नाही.

दोन्या ग्रासिएला हसल्या. "अस्सं! लबाडे!" मग त्यांचे प्रश्नही ग्वारानीत आले; शेवटी त्या आपल्यातल्याच, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांकडून हे आकडे ऐकलेल्या. "पोआपी आणि पोआपी?" "सोळा!" "पोकोईं आणि पोतेईं?" "तेरा!" "विसातून नऊ गेले?" "अकरा!" आता स्पॅनिश, आता ग्वारानी, बाई फेकत होत्या आणि लिदू झेलत होती, भराभर, डोळे पाण्याने भरलेले, गाल लाल, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती बाईंकडे नाही तर सुनिल्दाकडे बघत होती. बघा. बघा ना, प्रोफे. मी मंद नाही.

सुनिल्दाला डोळे बाजूला घेता आले नाहीत. असं शिकलेलं मूल तिच्या आयुष्यात दुसरं झालं नव्हतं, आणि ते बघताना तिची छाती अभिमानाने भरून आली, यासाठी तिने नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

ट्रक दुपारीच निघाला. गाठोडं लहानसं होतं. आजीला सोडताना लिदू हमसाहमशी रडली. मग सुनिल्दासमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं. पण तुम्ही तसं का म्हणालात?"

"तुला ठेवून घ्यायला गं, बाळा."

"मग आधी सांगायचं ना," लिदू म्हणाली. तिचं अगदी खरं होतं. सुनिल्दाने तिला पोटाशी धरलं आणि बाईंच्या नवऱ्याने भोंगा वाजवेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्या ब्लासिदा पुन्हा काठी टेकत आली. काखेत कोंबडी होती, पाय बांधलेली, अंडी घालणारी.

"ही तुमची, प्रोफे."

"मला नको, न्या ब्लासिदा. मी काय केलं?"

"सगळं तुम्हीच केलंत! काल तुम्ही का तसं म्हणालात ते मला कळतं. तुमचा जीव आहे पोरीवर, तुम्हाला ती जवळ हवी होती. पण तिला शिकवलं कुणी? तुम्ही नसता तर माझ्या पोरीला कोण घेऊन गेलं असतं? देव तुमचं भलं करो." म्हातारीने अंदाजाने तिचा हात शोधला आणि त्याचं चुंबन घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घर रिकामं झाल्याचं होतं की आनंदाचं, तिचं तिलाच ठाऊक. कोंबडी नाकारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं होतं. सुनिल्दाने कोंबडी घेतली.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सुट्टी संपायच्या आधी, पुढच्या शनिवारी संध्याकाळी, ओढ्यापलीकडची एर्मेलिंदा दारात आली. मागे तिची पोर, आठेक वर्षांची, आईच्या झग्याला धरून.

"प्रोफे, हिलाही तसंच करा ना, लिदूसारखं. म्हणजे हिलाही कुणीतरी नेईल. ती बाई डिसेंबरात काकुपेच्या जत्रेला परत येणार म्हणतात, बहिणीसाठी पोरगी बघायला. तोवर हिचं तोंड चालायला लागेल ना?"

सुनिल्दाने पोरीकडे बघितलं. हिला जमणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. एर्मेलिंदाने मुकाट्याने ऐकलं असतं, मास्तरांचं म्हणणं लोक ऐकतात. पोर झग्याआडून बाहेर आली आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आपल्याबद्दल आता काय ठरतंय, ते ऐकायला मुलं उभी राहतात तशी. सुनिल्दाने तसलेच तीन शब्द एकदा वापरले होते आणि त्यांनी काय केलं ते पाहिलं होतं.

"सोमवारी पाठव," ती म्हणाली.

"देवासारख्या आहात, प्रोफे!" एर्मेलिंदाने पोरीचा हात धरला आणि वाटेला लागली. ओढ्यापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. "ऐकलंस? आता नीट शिकायचं. चांगली शिकलीस की तूही जाशील." आणि पोर तिच्या बाजूने उड्या मारत चालली होती.